चहा सांडलेला कीबोर्ड आणि तुटलेली रेघ

प्रश्न : कीबोर्डवर चहा सांडला आणि पाच-सहा बटणं बंद पडली. उघडून पाहिलं, तर आतल्या पारदर्शक प्लास्टिकवरची एक चंदेरी रेघ काळी पडून तुटली आहे. सोल्डर करायला गेलो, तर प्लास्टिकच आकसलं. कन्डक्टिव्ह ग्लू (वीज वाहून नेणारा गोंद) चालेल का? त्यानंच मोबाईलची चार्जिंग केबलही जोडू का? (एक वाचक, सांगली)

उत्तर : रेघ जरूर जोडा. केबलला मात्र हा ग्लू लावू नका.

त्या प्लास्टिकवर तांबं नाहीच. चांदीची भुकटी घातलेल्या शाईनं छापलेल्या रेघा आहेत त्या. कथील-शिशाचं सोल्डर १८३ अंशांना वितळतं आणि सोल्डरिंग आयर्नचं टोक त्याहून कितीतरी तापलेलं असतं, मग प्लास्टिक आकसणारच. अशा ठिकाणी चांदीचा ग्लू किंवा सिल्व्हर पेंट हाच खरा उपाय आहे. साधं फेविक्विक लावू नका, त्यातून वीज जात नाही.

आधी ओल्या कापसानं चहाची साखर अलगद टिपून घ्या. घासू नका, उरलेली शाईही निघून येईल. प्लास्टिकची ती फिल्म पूर्ण वाळू द्या. रेघेच्या दोन्ही बाजूंना सेलोटेपच्या पट्ट्या लावा, कारण शेजारची रेघ अगदी जवळ असते. सोल्डर तांब्यावर आपोआप गोळा होतं, ग्लू जिथे पडेल तिथेच बसतो. टूथपिकच्या टोकानं पातळ थर द्या आणि तुटल्या जागेच्या दोन्हीकडे तीन-चार मिलिमीटर चांगल्या रेघेवर चढवा. थर ओलसर असतानाच टेप काढा, नाहीतर कडा उचलली जाते. गोळा राहू देऊ नका. वरची आणि खालची फिल्म यांच्यात जेमतेम कागदाएवढी फट असते, फुगवटा राहिला तर बटण कायमचं दाबल्यासारखं होतं. माझ्याकडे आलेल्या एका कीबोर्डचा 'एम' असाच आपोआप टाइप होत होता. थर ब्लेडनं खरवडला तेव्हा थांबला.

रात्रभर वाळू द्या आणि मग मल्टिमीटर लावून रेघेचा अडथळा मोजा. दहा-वीस ओहम आले तरी कीबोर्डचं झाकण बिनधास्त लावून टाका. बटणाच्या सिग्नलला नगण्य करंट लागतो, एवढ्या अडथळ्यानं त्याचं काही बिघडत नाही.

केबलचं गणित नेमकं इथेच उलटं होतं. तिच्यातून दोन अँपिअर जातात असं धरा. जोडात एकच ओहम अडथळा असला, तरी पाचातले दोन व्होल्ट तिथेच खर्च होतात आणि त्या इवल्याशा ठिपक्यात चार वॉट उष्णता तयार होते. फोन चार्ज होणार नाही, जोड मात्र हाताला चटका देईल. शिवाय केबल रोज वाकते आणि वाळलेला ग्लू तडकतो. केबलला सोल्डर करून वर हीट श्रिंक नळी (तापवल्यावर आकसून घट्ट बसणारी) चढवा, नाहीतर सरळ नवी आणा.