जर्मनीला निघण्याआधी

तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात: जर्मनीत कामाचा ताण खरंच कमी असतो का, आणि तिथली माणसं तुटक वागतात तर त्यांच्यात निभावायचं कसं. ऑफर हातात आहे, ब्लू कार्डची, म्हणजे उच्चशिक्षितांना मिळणाऱ्या राहण्याच्या आणि नोकरीच्या परवान्याची, कागदपत्रं चालू आहेत, म्हणजे वेळ थोडाच आहे. मी बरीच वर्षं इथे राहते, म्हणून सविस्तर लिहिते.

विश्रांती इथे कायद्यातच लिहिलेली आहे. दिवसाचं काम 8 तास. पुढे सरासरी भरून निघत असेल तर 10 तासांपर्यंत चालतं. काम संपल्यापासून दुसऱ्या दिवशी सुरू होईपर्यंत 11 तास मोकळे हवेत. पाच दिवसांचा आठवडा असेल तर वर्षाला किमान 20 दिवस भरपगारी रजा, आणि बऱ्याच कंपन्या त्याहून जास्त देतात. रजेत आजारी पडलात आणि डॉक्टरांचा दाखला दिलात, तर ते दिवस रजेतून वजा होत नाहीत.

म्हणून काम हलकं असतं असं मात्र समजू नका. त्या आठ तासांत गप्पा कमी आणि काम घट्ट असतं. उशिरापर्यंत बसलं की मेहनती दिसतो, हा समज विमानात बसण्याआधीच सोडून द्या.

आता मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते सांगते. तुमच्या टीममधले काहीजण भारतात असतील. इथली घड्याळं उन्हाळ्यात साडेतीन तास मागे असतात आणि हिवाळ्यात साडेचार. तुम्ही डिसेंबरात दुपारी चारला मीटिंग ठेवलीत, तर तिकडे रात्रीचे साडेआठ वाजलेले असतात. कुणाचं मूल जेवायला थांबलेलं असतं, कुणी घरी पोचायच्या घाईत असतं. ते 'चालेल' म्हणतील, कारण नाही म्हणायची त्यांना सवय नाही आणि सोयही नाही. जो कायदा तुमची संध्याकाळ राखतो, तो त्यांच्यापर्यंत पोचत नाही. तिथे तुम्हीच पोचायला हवं. मीटिंग सकाळी घ्या. इथून तिकडच्यांवर आवाज चढवणारे आपलेच लोक मी पाहिलेत, आणि मला त्याचा फार राग येतो.

माणसांचा तुटकपणा म्हणाल, तर तो बराचसा सरळपणा असतो. सुरुवातीला बहुधा सहा महिन्यांचा परीक्षाकाळ असतो. त्यात दोन आठवड्यांच्या नोटिशीवर कंपनी तुम्हाला काढू शकते आणि तुम्हीही सोडू शकता. त्यामुळे चूक तोंडावर सांगतात. त्यात अपमान शोधू नका, उलट महिन्याभरातच स्वतःहून विचारा, 'माझं काय कमी पडतंय?' घर मिळालं की शेजाऱ्यांची बेल वाजवून ओळख करून घ्या. रात्री दहानंतर आणि रविवारी शांतता पाळा, म्हणजे अर्धी मैत्री झालीच.

जर्मन शिका. बी-1, म्हणजे रोजचं बोलणं निभावण्याइतकी मधली पातळी, असेल तर ब्लू कार्डवर कायम राहण्याचा परवाना 27 ऐवजी 21 महिन्यांत मिळू शकतो, हे तुम्हाला सगळे सांगतीलच. पण ऑफिसात इंग्रजी चालतं म्हणून भाषा टाळणारा माणूस सफाईवाल्या बाईंशी, इमारतीच्या देखभालवाल्याशी वर्षानुवर्षं एक शब्द बोलत नाही. त्यांची नावं तुम्हाला माहीत असावीत.

तुमच्यानंतर येणाऱ्यांना हात द्या. पत्त्याची नोंदणी दोन आठवड्यांत करावी लागते आणि त्यासाठी घरमालकाचा कागद लागतो. नवीन माणूस तिथेच गडबडतो, तेव्हा त्याच्यासोबत कार्यालयात जा. पण राहत नसलेल्याला आपला पत्ता मात्र देऊ नका. ते कायद्याविरुद्ध आहे, आणि दंड फार मोठा होऊ शकतो.

जोडीदार सोबत येणार असेल तर त्यांचा विचार आधी करा. ब्लू कार्डवाल्याच्या जोडीदाराला येताना जर्मनची परीक्षा लागत नाही आणि लगेच नोकरीही करता येते. पण प्रत्यक्षात नोकरी मिळायला महिने जातात, आणि तुम्ही ऑफिसात असता तेव्हा ते दिवसभर एकटे असतात. पहिल्याच महिन्यात त्यांचं नाव भाषेच्या वर्गात घाला.