छोट्या बरणीत घनता मोजताना

प्रश्न : माझ्याकडे आतून ६ सेंटीमीटर व्यासाची, सरळ भिंतींची काचेची बरणी आहे. खाली लोडसेल (वजन मोजणारा सेन्सर) आणि वर अल्ट्रासॉनिक सेन्सर (ध्वनिलहरींनी अंतर मोजणारा) बसवलाय. सेन्सरवरून द्रवाची उंची, उंचीवरून आकारमान आणि वजनाला आकारमानाने भागून घनता, असा हिशेब आहे. पण मापून १५० मिलिलिटर साधं पाणी ओतलं तरी घनता (ग्रॅम प्रति मिलिलिटर) कधी ०.९१ येते, कधी १.०६. प्रोग्राम तीनदा तपासला. चूक कुठे असेल?

उत्तर : प्रोग्रामला हात लावू नका. तुमचेच आकडे उलटे सोडवून बघा : ०.९१ आणि १.०६ यांच्यात पाण्याच्या उंचीचा फरक आहे जेमतेम ८ मिलिमीटर. तुमच्या बरणीत एक मिलिमीटर चुकला की आकारमान २.८ मिलिलिटरने चुकतं, म्हणजे जवळजवळ दोन टक्के. १० टक्के मिठाचं पाणीसुद्धा साध्या पाण्यापेक्षा फक्त सात टक्क्यांनी जड असतं. त्यात अल्ट्रासॉनिक लहरी शंकूसारख्या पसरतात आणि अरुंद बरणीत काचेवर आपटूनही परत येतात. मोठ्या टाकीला हा सेन्सर चालतो, इथे नाही. कपॅसिटिव्ह पट्टीही (द्रवाच्या विद्युत गुणधर्मावरून उंची ओळखणारी) नको. द्रव बदलला की तिचं रीडिंग उंची तीच असताना बदलतं.

माझं स्पष्ट मत आहे, उंची मोजूच नका. घनता आणि आकारमान, दोन्ही उत्तरं वजनातून काढा.

स्टेनलेस स्टीलचा गुळगुळीत दंडगोल घ्या, अडीच सेंटीमीटर जाड आणि चार सेंटीमीटर लांब. बारीक नायलॉनच्या दोऱ्याने तो ओळंब्यासारखा दुसऱ्या लोडसेलला टांगा आणि द्रवात पूर्ण बुडू द्या. ओळंब्याचं वजन जितकं घटेल तितकंच खालच्या लोडसेलवर वाढेल. ही घट भागिले ओळंब्याचं आकारमान म्हणजे घनता.

ओळंब्याचं आकारमान मोजपट्टीने काढू नका, पाण्यातच काढा. २५ अंश सेल्सिअसला पाण्याची घनता ०.९९७ असते. समजा, तिथे घट १९.६ ग्रॅम आली, तर आकारमान १९.६६ मिलिलिटर. मग मिठाच्या पाण्यात घट २१ ग्रॅम आली की घनता १.०६८. खालच्या रीडिंगमधून बरणीचं वजन आणि हे २१ ग्रॅम वजा करा. उरलेल्या वजनाला १.०६८ ने भागलं की आकारमान हातात.

या रचनेत मला सगळ्यात आवडते ती दोन्ही लोडसेलची बेरीज. घनता काहीही असो, ही बेरीज बरणी, द्रव आणि ओळंबा यांच्या वजनाइतकीच राहते. काही ओतलं-काढलं नसताना ती सरकली, तर एखाद्या लोडसेलचा शून्य हललाय किंवा द्रव उडून जातोय. मात्र ओळंबा तळाला टेकला तर बेरीज ते सांगत नाही, कारण एकीकडे कमी झालेला भार दुसरीकडे जातो. ते डोळ्यांनीच बघायला हवं.

आणि बुडबुडे! एकदा मी नळाचं गार पाणी भरून लगेच मोजायला बसले. पाणी हळूहळू कोमट होत होतं, म्हणजे घनता उतरायला हवी, तरी आकडा चढतच होता. दोन दिवस मी वायरी बदलत राहिले. शेवटी बरणीमागे टॉर्च धरला, तर ओळंब्याच्या खालच्या कडेला मोहरीएवढ्या बुडबुड्यांची रांग. पाणी तापताना त्यात विरघळलेली हवा तिथे जमली होती. तुमच्या मांडणीत असे ०.१ मिलिलिटर बुडबुडे घनता अर्ध्या टक्क्याने फुगवतील. मऊ ब्रश फिरवला आणि आकडा जागेवर आला. तेव्हापासून पाणी आदल्या रात्री भरून ठेवते आणि प्रत्येक रीडिंगशेजारी तापमान लिहिते. २० वरून ३० अंशांवर गेलं की पाण्याची घनता ०.९९८२ वरून ०.९९५७ वर येते. एवढा फरक तुमची नवी मांडणी सरासरी घेऊन पकडू शकेल.