अमेरिकेतलं यादवी युद्ध खरंच गुलामगिरीवरून झालं, की राज्यांच्या हक्कांवरून?

गुलामगिरीवरून झालं. (युद्ध म्हणजे १८६१ ते १८६५ चं, संघराज्यातून फुटून निघालेली दक्षिणेकडची राज्यं विरुद्ध उत्तरेकडची राज्यं.) तुम्ही प्रश्नाखाली लिहिलंय की एका व्हिडिओत ऐकलं, गुलामगिरी हे नुसतं निमित्त होतं, खरं भांडण जकातीचं (म्हणजे टॅरिफचं, आयात मालावरच्या कराचं) आणि राज्यांच्या हक्कांचं. अगदी हेच वाक्य मी आमच्या जेवणाच्या टेबलावर मराठीत ऐकलंय, आणि ज्यांच्या तोंडून ऐकलं त्यांच्याशी माझा वाद अजून मिटलेला नाही. त्यामुळे उत्तर लांबणार आहे.

आम्ही साउथ कॅरोलायनात राहतो, चार्ल्स्टनपासून जवळच. इथे आठवीला राज्याचा इतिहास असतो. लेकीला पोस्टर करायचं होतं : आपलं राज्य १८६० साली संघराज्यातून बाहेर का पडलं? तिने ठळक अक्षरांत पहिली ओळ लिहिली, 'कारण : गुलामगिरी'. त्या शनिवारी ओळखीचे एक काका-काकू आमच्याकडे जेवायला होते. काका इथे आमच्या कितीतरी आधी आलेले, वाचन दांडगं, मंडळात कुठल्याही विषयावर बोलायचं असलं की तेच उभे राहणार. त्यांनी पोस्टर पाहिलं आणि म्हणाले, "बाळा, हे फार ढोबळ झालं. युद्धं पैशावरून होतात. उत्तरेला टॅरिफ हवं होतं, दक्षिणेला नको होतं. शिवाय राज्यांचे हक्क. गुलामगिरीचं कारण जिंकणाऱ्यांनी नंतर चिकटवलं." आजोबांच्या वयाच्या माणसापुढे पोर काय बोलणार? मंडळी गेल्यावर बघते तर तिने त्या ओळीवर पांढरा कागद चिकटवला होता आणि वर लिहिलं होतं, 'कारणे : अनेक'.

मला ते फार लागलं. काका चुकले म्हणून नव्हे, चुकतो माणूस. पण तिला जे कळलं होतं ते तिने एका मोठ्या माणसाच्या शब्दाखातर झाकून टाकलं, आणि मीही त्या वेळी वाढत होते, बोलले नाही.

दुसऱ्या दिवशी मी तिला म्हटलं, ज्यांनी हे राज्य बाहेर काढलं त्यांनी कारण स्वतःच लिहून ठेवलंय, ते वाचू. साउथ कॅरोलायना २० डिसेंबर १८६० ला बाहेर पडलं आणि चारच दिवसांनी, २४ तारखेला, त्याची कारणं सांगणारा जाहीरनामा मंजूर झाला. त्याची प्रिंट काढली आणि दोघी पिवळा हायलायटर घेऊन बसलो. सुरुवातीला नुसता कायद्याचा कीस आहे : १७७६, स्वातंत्र्य, राज्यघटना हा राज्याराज्यांतला करार, एकाने करार मोडला की दुसरा मोकळा. लेक जांभया द्यायला लागली. मग करार कोणी आणि कसा मोडला ते सुरू होतं, आणि तिथून पुढे हायलायटर कागदावरून उचलावाच लागत नाही.

तक्रार अशी : पळालेला गुलाम मालकाला परत द्यायचा असं राज्यघटनेत कलम आहे आणि उत्तरेकडची राज्यं ते पाळत नाहीत. मग नावं घेतली आहेत. मेन, न्यू हॅम्पशायर, व्हरमाँट, मॅसॅच्युसेट्स, कनेक्टिकट, र्‍होड आयलंड, न्यूयॉर्क, पेनसिल्व्हेनिया, इलिनॉय, इंडियाना, मिशिगन, विस्कॉन्सिन, आयोवा. या तेरा राज्यांनी असे कायदे केले की केंद्राचा कायदा रद्दबातल किंवा कुचकामी होऊन बसला, हा त्यांचा गुन्हा. न्यूयॉर्कवर वेगळा राग : तिथल्या न्यायालयाने गुलाम बरोबर घेऊन राज्यातून नुसतं पार होण्याचाही हक्क नाकारला. टॅरिफ हा शब्द कुठे सापडतो का म्हणून लेकीने वरून खाली पुन्हा बोट फिरवलं. नाही सापडला.

मग तिनेच विचारलं, "आई, पण मग राज्यांचे हक्क वापरत कोण होतं? न्यूयॉर्कच ना?"

तुमच्या प्रश्नाचं उत्तर इथेच आहे, आणि तेरा वर्षांच्या मुलीला ते दिसतं. युद्धाच्या आधीची दहा वर्षं बघा. राज्याचा हक्क पुढे करून केंद्राला अडवत होती उत्तरेकडची राज्यं, आणि केंद्राने बळ वापरावं म्हणून हटून बसली होती दक्षिण.

१८५० चा फरारी गुलाम कायदा घ्या. हा केंद्राचा कायदा, दक्षिणेच्या आग्रहावरून झालेला. माणूस पकडला गेला तर त्याला ज्युरी नाही, स्वतःची साक्ष द्यायचीही मुभा नाही. निकाल देणार केंद्राने नेमलेला कमिशनर. माणूस मालकाच्या ताब्यात दिला तर कमिशनरला दहा डॉलर फी, सोडून दिला तर पाच. रस्त्यावरच्या कुणालाही 'चल, पकडायला मदत कर' असं सांगायचा अधिकार. फरारी माणसाला थारा दिला तर हजार डॉलरपर्यंत दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कैद. ज्या राज्यात गुलामगिरी बंद होऊन कित्येक वर्षं झाली होती तिथे केंद्राचा माणूस येऊन हे करणार. यात राज्याचा हक्क कुठे राहिला?

मे १८५४ मध्ये बॉस्टनला अँथनी बर्न्स नावाचा तरुण पकडला गेला. व्हर्जिनियातून पळून आलेला, एका कपड्यांच्या दुकानात कामाला होता. लोकांनी न्यायालयावर चाल केली, त्यात एक पहारेकरी मेला. २ जूनला त्याला बंदरावर नेलं तेव्हा रस्त्याच्या दोन्ही बाजूंना सैनिक, दुकानांवर काळं कापड, आणि वरून टांगलेली एक शवपेटी. एका माणसाला जहाजावर चढवायला केंद्राने अख्खं शहर बंदुकीच्या धाकाखाली ठेवलं. ज्यांना तोवर गुलामगिरीशी काही देणंघेणं नव्हतं असे बॉस्टनचे व्यापारी त्या एका दिवसाने तिचे वैरी झाले. (बर्न्सला पुढे लोकांनी वर्गणी काढून विकत घेऊन सोडवलं. तो शिकला, कॅनडात पाद्री झाला आणि १८६२ मध्ये वारला.)

विस्कॉन्सिनची गोष्ट तर काकांना मी तोंडावर सांगितली. १८५४ च्याच मार्चमध्ये जोशुआ ग्लोव्हर या फरारी गुलामाला मिलवॉकीच्या तुरुंगात ठेवलं होतं, जमावाने दार फोडून त्याला बाहेर काढलं आणि कॅनडाला पोचवलं. त्याला पळायला मदत केली म्हणून शर्मन बूथ या संपादकावर खटला झाला. विस्कॉन्सिनच्या सर्वोच्च न्यायालयाने थेट सांगितलं की १८५० चा कायदाच घटनाबाह्य आहे. याला म्हणतात राज्याने हक्क बजावणं! १८५९ मध्ये केंद्राच्या सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला आणि विस्कॉन्सिनच्या विधिमंडळाने ठराव करून त्याला विरोध केला. दक्षिणेतला एक तरी पुढारी विस्कॉन्सिनच्या बाजूने उभा राहिला का? साउथ कॅरोलायनाने तर त्याच राज्याचं नाव गुन्हेगारांच्या यादीत घातलं.

बाकीचा घटनाक्रम तुम्हाला कुठेही मिळेल : १८२० ची मिसुरी तडजोड (नव्या प्रदेशांत गुलामगिरी कुठवर चालेल याची रेषा), १८५४ चा कॅन्सस-नेब्रास्का कायदा (गुलामगिरी हवी की नको ते तिथल्या वस्तीनेच ठरवावं) आणि त्यावरून कॅन्ससमधला रक्तपात, १८५७ चा ड्रेड स्कॉट निकाल (काळा माणूस देशाचा नागरिकच नाही), १८५९ ला गुलामांचं बंड उभं करायला जॉन ब्राउनचा हार्पर्स फेरीच्या शस्त्रागारावरचा हल्ला. एकच सांगते. २२ मे १८५६ ला, कॅन्ससमधल्या गुलामगिरीविरुद्ध भाषण केलं म्हणून सेनेटर चार्ल्स सम्नरला सेनेटच्या दालनात, जमिनीला पक्क्या केलेल्या डेस्कमागे अडकलेला असताना, प्रेस्टन ब्रूक्सने काठी तुटेपर्यंत मारलं. ब्रूक्स आमच्याच राज्याचा खासदार. त्याला तीनशे डॉलर दंड झाला, त्याने राजीनामा दिला, लोकांनी त्याला पुन्हा निवडून दिलं आणि चाहत्यांनी नव्या काठ्या भेट पाठवल्या. जकातीवरून कुणी कुणाला असं मारत नाही.

आता जकातीबद्दल, कारण काकांचा हुकमी एक्का तोच. १८५७ मध्ये जकात कमी केली गेली आणि दक्षिणेच्या प्रतिनिधींनी त्याच्या बाजूने मत दिलं. वाढीव जकातीच्या कायद्यावर सही झाली २ मार्च १८६१ ला, तोवर सात राज्यं निघूनही गेली होती. त्यांचे सेनेटर जागेवर बसून राहिले असते तर तो कायदा अडवता आला असता. जे अजून झालंच नाही त्याच्या रागाने कुणी देश सोडत नाही.

पैशाचा संबंध होता का? होता, आणि खूप होता. १८६० च्या जनगणनेत देशात चाळीस लाखांच्या आसपास गुलाम होते. एकट्या साउथ कॅरोलायनात सात लाख लोकांत चार लाख गुलाम. देशाच्या निर्यातीत निम्म्याहून जास्त कापूस, आणि तो पिकवणारे हेच लोक. चार्ल्स्टनच्या चाल्मर्स स्ट्रीटवर गुलामबाजाराची इमारत अजून उभी आहे, आता तिथे संग्रहालय आहे. १८५६ मध्ये शहराने उघड्यावरचे लिलाव बंद केले तेव्हा ते असे आत गेले. दगडगोट्यांचा रस्ता, मोठी कमान, आणि आत माणसं उभी करून त्यांचे दात, पाठ, हात तपासून बोली. तेव्हा 'युद्धं पैशावरून होतात' हे काकांचं म्हणणं मला मान्य आहे. पण तो पैसा म्हणजे ही माणसं होती. गुलामगिरी एका बाजूला आणि अर्थकारण दुसऱ्या बाजूला, असं वेगळं काढताच येत नाही.

'जिंकणाऱ्यांनी नंतर चिकटवलं' हे तर सरळ उलटं आहे. बाहेर पडलेल्या राज्यांनी मिळून केलेल्या नव्या सरकारचा उपाध्यक्ष अलेक्झांडर स्टीफन्स २१ मार्च १८६१ ला सव्हानाच्या भाषणात म्हणाला की आमच्या सरकारची कोनशिला हीच, की काळा माणूस गोऱ्याच्या बरोबरीचा नाही. युद्ध हरल्यावर त्याच स्टीफन्सने दोन जाडजूड खंड लिहून सांगितलं की भांडण राज्यघटनेच्या अर्थाचं होतं. चिकटवलं ते हरणाऱ्यांनी. आणि त्यांच्या नव्या घटनेत? गुलामांवरच्या मालकीला धक्का लावणारा कायदा त्यांच्या काँग्रेसला, म्हणजे संसदेला, करता येणार नाही, आणि मालकाला गुलाम घेऊन कुठल्याही राज्यातून जाता येईल. म्हणजे न्यूयॉर्कने केलं ते त्यांच्यातल्या एखाद्या राज्याला करायचं असतं तर मार्गच बंद.

काका पुण्याचे. त्यांना मी हेही म्हटलं की जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अर्पण केली ती अमेरिकेतल्या भल्या लोकांना, गुलामांना मुक्त करण्यासाठी त्यांनी जे सोसलं त्याबद्दल. तुमच्याच पुण्यात बसून फुल्यांना जे दिसलं, ते इथे इतकी वर्षं राहून तुम्हाला दिसू नये?

एवढं लिहून झाल्यावर हेही सांगायला हवं की उत्तरेकडची राज्यं काही धुतल्या तांदळासारखी नव्हती. इलिनॉयने १८५३ मध्ये कायदा करून काळ्या लोकांना राज्यात राहायला येण्याचीच बंदी केली होती. अध्यक्ष लिंकनने सुरुवातीला स्पष्ट सांगितलं होतं की जिथे गुलामगिरी आहे तिथे मी हात लावणार नाही. त्याचा विरोध ती नव्या प्रदेशांत पसरण्याला होता. डेलावेअर, मेरीलँड, केंटकी, मिसुरी ही गुलामगिरीची राज्यं संघराज्यातच राहिली. म्हणजे उत्तर पहिल्या दिवसापासून गुलाम सोडवायला लढली असं मी म्हणत नाही. दक्षिण कशासाठी बाहेर पडली एवढंच म्हणतेय. जॉर्जियाच्या जाहीरनाम्यात जकातीचा जुना इतिहास येतो, आणि साउथ कॅरोलायनाने इतर गुलामराज्यांना लिहिलेल्या आवाहनात करांचं रडगाणं आहे, तेही खरं.

तुम्ही व्हिडिओ बाजूला ठेवा आणि साउथ कॅरोलायना, मिसिसिपी, जॉर्जिया, टेक्सस यांचे जाहीरनामे वाचा. मिसिसिपीचा आधी घ्या, तो छोटा आहे आणि सुरुवातीलाच सांगतो की आमची भूमिका गुलामगिरीच्या संस्थेशी पुरती जोडलेली आहे. आणि घरात मुलांपुढे कुणी वडीलधारं चुकीचं सांगत असेल तर हातातलं भांडं खाली ठेवून तिथल्या तिथे बोला.

लेकीने तो पांढरा कागद काढला आणि खाली तेरा राज्यांचा नकाशा रंगवून पोस्टर दिलं. काकांना मी जाहीरनाम्याची प्रत नेऊन दिली. ते म्हणाले, "अगं, माणसं कागदावर एक लिहितात, मनात दुसरंच असतं." काका, हे वाचत असाल तर ऐका. मनातलं लपवायचं असतं तेव्हा माणूस बरं दिसणारं कारण पुढे करतो. जकात हे बरं दिसणारं कारण होतं, आणि याच राज्याने १८३२ मध्ये जकातीविरुद्ध ठराव करून केंद्राचा कायदा धुडकावलाही होता. त्या लढ्याचा मेंदू म्हणजे जॉन कॅल्हून. त्याने ११ सप्टेंबर १८३० च्या खासगी पत्रात लिहून ठेवलंय की जकात हे मी निमित्त मानतो, खरं कारण नव्हे. खरं कारण दक्षिणेची ती 'खास घरगुती' व्यवस्था, म्हणजे गुलामगिरी.