कलिंगच्या युद्धानंतर सम्राट अशोकाने खरंच सैन्य आणि शिक्षा सगळं सोडून दिलं होतं का?

नाही, त्याने नवीन प्रदेश लढून जिंकणं सोडलं, पण राज्य, दंड आणि धाक हे सगळं ठेवलं होतं. हे त्याच्याच शिलालेखांवरून कळतं. तेराव्या शिलालेखात तो स्वतः सांगतो की राज्याभिषेकाला आठ वर्षं झाल्यावर कलिंग जिंकलं, दीड लाख माणसं तिथून नेली, एक लाख मारली गेली आणि त्याचा त्याला फार पश्चात्ताप झाला, पण त्याच लेखात पुढे जंगलातल्या लोकांना दमही भरलाय की राजाला पस्तावा झाला असला तरी त्याच्याकडे ताकद आहे, नीट वागा नाहीतर मारले जाल. कलिंग परत दिलं नाही ते नाहीच. फाशीसुद्धा बंद केली नव्हती, चौथ्या स्तंभलेखानुसार फक्त शिक्षा झालेल्यांना फाशीआधी तीन दिवसांची सवलत दिली. आणि मला सगळ्यात बोलकी वाटते ती ही गोष्ट, की खुद्द कलिंगात म्हणजे ओडिशातल्या धौली आणि जौगडला हा पश्चात्तापाचा लेख कोरलेलाच नाही, तिथे वेगळे लेख आहेत ज्यात तो म्हणतो सगळी माणसं माझी मुलं आहेत आणि अधिकाऱ्यांना बजावतो की कोणाला विनाकारण कैदेत टाकू नका.

म्हणून बदल खोटा होता असं मात्र अजिबात नाही, शिकार सोडून धर्मयात्रा सुरू केल्याचं आठव्या लेखात आहे, त्याचा तुकडा आपल्या नालासोपाऱ्यालाही सापडलाय. फक्त एक लक्षात ठेवा, हे सगळं राजाच्या स्वतःच्या तोंडचं आहे, हरलेल्या बाजूचं काहीच आपल्यापर्यंत आलेलं नाही.