माकड की वानर? खानापूरकडं काय म्हणतात

प्रश्न असा आलाय की माकड आणि वानर एकच ना, मग खानापूरकडची माणसं "माकडं नव्हेत ती, वानरं आल्यात" असं अडून का सांगतात.

एकच नव्हेत म्हणून सांगतात! बेळगाव-खानापूर पट्ट्यात दोन्ही बघण्यातली, त्यामुळं गल्लत होत नाही. वानर म्हणजे काळं तोंड, राखाडी अंग, लांबलचक शेपूट. माकड तपकिरी, तोंड फिकट नाहीतर लालसर, आणि डोक्यावरचे केस मधे भांग पाडून चापून बसवल्यासारखे, टोपीच घातल्यागत. चोर्ला घाटात गाडीतून कोण काय टाकतंय म्हणून कठड्यावर बसलेली असतात ती ही. गालात पिशव्या असतात, मिळेल ते आधी तिथं कोंबायचं आणि लांब जाऊन निवांत चावायचं. वानराला ती सोय नाही, पण पोट कप्प्याकप्प्यांचं असल्यानं नुसत्या पाल्यावरही भागतं, म्हणून जंगलात वर फांद्यांत जास्त (परसातला शेवगा सोडतात असं मात्र समजू नका).

हुप्प्या हा शब्द पण वानराच्याच मोठ्या नराचा, त्याच्या "हुप्प" वरनं पडलेला, माकडाला कुणी हुप्प्या म्हणत नाही. माकडांच्या टोळीत नर बरेच असतात, वानरांच्या कळपात पुष्कळदा हुप्प्या एकटाच आणि बाकी माद्या-पिल्लं. मग बाहेरच्या नरांची टोळी येऊन त्याला हाकलते आणि नवा आलेला कधीकधी आधीची पिल्लं मारतो. हे १९६० च्या दशकात सुगियामा नावाच्या जपानी संशोधकानं नोंदवलं ते आपल्या शेजारीच, धारवाडजवळच्या रानात.

माकड आलाय संस्कृत मर्कट, प्राकृत मक्कड असा. वानर 'वा नर', म्हणजे 'माणूसच की काय', अशी व्युत्पत्ती सांगतात, ऐकायला झकास, पण मला 'वन' वरनं आलेला जास्त पटतो. पेपरवाले लंगूर लिहितात ते हिंदीतनं घेतलेलं, मुळात लांगूल म्हणजे शेपूट, आपल्या लांगूलचालनातलं.

एका ठिकाणी मात्र माकड हा शब्द दोघांनाही लागतो: माकडताप. १९५७ साली शिमोग्याकडच्या क्यासनूर रानात सापडलेला, गोचिडीतनं पसरणारा, त्यात माकडं मरतात तशी वानरंही मरतात. कन्नडवालेही त्याला 'मंगन कायिले'च, म्हणजे माकडाचा आजारच म्हणतात, मलनाडात (कर्नाटकातल्या घाटाकडच्या डोंगराळ भागात) वानराला मुसिया हा वेगळा शब्द असून.