ख्रिस्ती दृष्टीने फोटोग्राफी करायची म्हणजे नेमकं काय करायचं?

तुम्ही खानापूर भागात निसर्गाचे आणि चर्चचे फोटो काढता, आता मोर्चे, पूर असल्या चालू घडामोडींचेही काढायचेत. मग त्यात ख्रिस्ती दृष्टी आणायची कशी, फोटोवर वचन टाकलं की भागतं का, असं विचारलंय.

नाही भागत. सूर्योदयावर स्तोत्रसंहितेची ओळ चिकटवलेले फोटो आमच्या मंडळीच्या ग्रुपवर रोज सकाळी येऊन पडतात. त्यातला सूर्य कुठल्या देशातला, देव जाणे. मी बेळगावचा, मराठी उपासनेला जाणारा. कॅमेऱ्यासाठी मी एकच आज्ञा धरलीय, निर्गम 20:16 : शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देऊ नको.

बेडकाचंच घ्या. पावसाळ्यात चोर्ला-आंबोली पट्ट्यात उडणारा हिरवा बेडूक बघायला फोटोवाल्यांची झुंबड उडते. मादी डबक्यावर लोंबणाऱ्या पानांत फेसाचं घरटं करते, पिल्लं अंड्यातून सुटली की थेट खालच्या पाण्यात पडावीत म्हणून. आमचे काही भाऊ बेडूक उचलून चांगल्या उजेडातल्या पानावर नेऊन बसवतात, घरटं नीट दिसावं म्हणून फांदी ओढून बांधतात. आता पिल्लं पडणार ती कोरड्या दगडावर. फोटो झकास येतो, खाली ‘देवाची निर्मिती’ असंही लिहिलेलं असतं. माझ्या लेखी ती खोटी साक्षच. आपल्या खानापूरचं भीमगडचं जंगल 2011 पासून अभयारण्य आहे, वनखात्याला विचारल्याशिवाय आत घुसू नका. आणि तळेवाडीकडच्या बारापेडे गुहांतल्या वटवाघळांवर फ्लॅश मारायचा विचारही नको. ती जात जगात अगदी मोजक्या ठिकाणीच सापडलीय.

मोर्चाचं अवघड आहे. 1 नोव्हेंबरला आमच्याकडे एका बाजूला लाल-पिवळे झेंडे घेऊन राज्योत्सव, म्हणजे कर्नाटकाचा स्थापना दिन, दुसऱ्या बाजूला बेळगाव महाराष्ट्रात हवं म्हणणाऱ्या मराठी माणसांचा काळा दिन. लांबची लेन्स लावून, खाली बसून, समोरून काढलं की शंभर माणसं हजारासारखी दाटतात. तीच माणसं गच्चीवरून वाइडने घेतली तर रस्ता रिकामा वाटतो. यातला कुठलाच फोटो खोटा नाही, हीच गोम आहे. मी मराठी माणूस, माझं मन कुठल्या बाजूला असतं ते सांगायला नको. म्हणूनच मी जवळचा आणि वरचा असे दोन्ही फोटो टाकतो, खाली चौक, तारीख, वेळ. शेजारी कोण, या प्रश्नाला येशूने उत्तरात यहुद्यांना परका वाटणारा शोमरोनी माणूस उभा केला, आपल्यातला नव्हे (लूक 10). तेव्हा झेंडा घेतलेल्या कन्नड पोराचं तोंड वेडंवाकडं होईपर्यंत थांबून तेवढंच टिपायचं, हे त्यात बसत नाही. आपल्या पोरांची तोंडंही घोषणा देताना काही फार देखणी नसतात!

पुरात शिधावाटपाचे फोटो काढू नका, एवढंच सांगतो. 2019 च्या ऑगस्टमध्ये जिल्ह्यात पाणी शिरलं तेव्हा एका पिशवीला चार हात आणि मधे मान खाली घातलेली म्हातारी, असे फोटो ढिगाने फिरले. पडलेली भिंत काढा, चिखलातली भांडी काढा.

चर्चमध्ये फादरना किंवा पाळकांना आधी विचारा, प्रभुभोजनाच्या वेळी कॅमेरा खाली. घरगुती प्रार्थनासभेत मात्र चेहरे अजिबात नकोत. कर्नाटकात 2022 मध्ये धर्मांतरविरोधी कायदा आला, 2023 मध्ये तो रद्द करायचं मंत्रिमंडळाने ठरवलं, पण गावातला संशय काही मंत्रिमंडळाच्या ठरावाने जात नाही. नवीन आलेल्या बाईचा फोटो तिच्या सासरी पोचला तर भोगायचं तिने, लाइक तुम्हाला.

वचन टाकायचंच असेल तर खाली मजकुरात टाका. फोटोवरच छापलं तर तो कुठलंही वर्तमानपत्र घेणार नाही, आणि चालू घडामोडी काढायच्या म्हणता तर तिथे कधी ना कधी द्यावाच लागेल.