आधी पडायला शिकू दे

या वेळी तीन पत्रं घेतली आहेत. पहिल्याला जागा जास्त जाणार, बाकीच्या दोघांनी राग मानू नये.

प्रश्न : मुलगा आठ वर्षांचा, तिसरीत आहे. स्वभावाने मवाळ. मधल्या सुट्टीत दोन मुलं त्याची कॉलर धरून डबा हिसकावून घेतात. ‘तूही दोन ठेवून दे’ असं त्याचे बाबा म्हणतात, म्हणून ज्युदोला घातलं. दीड महिना झाला, अजून नुसतं पडायलाच शिकवताहेत. परवा जोडीदाराने कॉलर धरली तर हा रडायलाच लागला. क्लास बंद करू का?
— एक आई, सांगली

उत्तर : ताई, बंद करू नका. दीड महिना पडायला शिकवताहेत म्हणजे तुमच्या सरांचं काम चोख चाललंय. तोल गेला की मूल हात मागे टेकवतं आणि मनगट नाहीतर कॉलर बोन जायबंदी करून घेतं. ही खोड मोडण्यासाठी उकेमी, म्हणजे पडण्याचा सराव. हनुवटी छातीला, नजर बेल्टच्या गाठीवर, अख्खा हात अंगापासून जरा लांब मॅटवर सपकन आपटायचा आणि श्वास सोडायचा. डोकं टेकता कामा नये. आधी बसून, मग उकिडवं, मग उभ्याने. बघणाऱ्याला कंटाळा येतो, कबूल. पण हेच एक कौशल्य त्याला बाथरूमच्या ओल्या फरशीवरही उपयोगी पडेल.

आता कॉलरचं. ज्युदोची सुरुवातच एका हाताने कॉलर आणि दुसऱ्याने बाही धरण्यापासून होते. शाळेत ज्या गोष्टीची धास्ती, तीच इथे रोज समोर येणार, मग डोळ्यांत पाणी येणारच. फरक एवढाच की इथे धरणारा आधी वाकून नमस्कार करतो आणि सरांनी ‘माते’, म्हणजे ‘थांबा’, म्हटलं की हात सोडतो. माझ्याकडे असं मूल आलं की मी त्याला त्याच्याहून बारीक जोडीदार देते. सुरुवातीला धरायचं ह्यानेच. मग समोरच्याने धरायचं, मी पाच मोजेपर्यंत. मग दहा. तुमच्या सरांशी क्लास सुटल्यावर बाजूला बोला आणि शाळेतला प्रकार त्यांच्या कानावर घाला. बहुतेक पालक हेच सांगत नाहीत आणि आम्ही मात्र अंदाज बांधत बसतो.

पुढे त्याला खाली दाबून धरण्याचे डाव येतील. स्पर्धेत वीस सेकंद पाठीवर दाबून धरलं की कुस्ती संपली. अंगाखाली अडकलेल्या पोराला ते वीस सेकंद तासभर वाटतात. आधी ते नुसतं हातपाय झाडतं. मग एखाद्या दिवशी कुशीवर वळतं, गुडघा पोटाशी घेतं, कंबर मागे सरकवतं आणि सुटतं. फारच झालं तर दोनदा थाप मारायची, वरच्याने तत्क्षणी सोडायचं. धिटाई येते ती इथे, कुणाला पाडण्यात नव्हे.

मुलाच्या बाबांना एक सांगा. ज्युदो सुरू करणारे जिगोरो कानो लहानपणी किरकोळ अंगाचे होते आणि शाळेत मार खायचे. त्यापायी ते जुजुत्सू, म्हणजे जपानी झटापटीची जुनी विद्या, शिकायला गेले. 1882 मध्ये टोकियोतल्या एका देवळात बारा तातामींच्या (जपानी चटयांच्या) जागेवर त्यांनी कोदोकान ही ज्युदोची शाळा सुरू केली, पण जुजुत्सूतले घातक डाव त्यांनी जोडीतल्या मोकळ्या सरावातून काढून टाकले. जोडीदार धडधाकट राहिला तरच उद्या सराव होणार ना! तेव्हा ‘दोन ठेवून दे’ची शिकवणी आमच्याकडे मिळत नाही. मॅटवर फेकलेलं पोर हसत उठतं, शाळेच्या शहाबादीवर फेकलेल्याचं डोकं फुटतं. शाळेसाठी एवढंच शिकवा : मनगट धरलं तर धरणाऱ्याचा अंगठा आणि बोटं जिथे मिळतात त्या फटीतून झटक्यात हात काढायचा, मोठ्याने ‘सोड’ म्हणायचं आणि बाईंकडे जायचं.

आणि डब्याचा बंदोबस्त आठ वर्षांच्या मुलावर टाकू नका. वर्गशिक्षिकेला लेखी द्या. तक्रारपेटी आणि मुलांच्या सुरक्षिततेसाठीची सखी सावित्री समिती शाळेत असायलाच हवी, मुख्याध्यापकांकडे चौकशी करा. तरी कुणी दाद दिली नाही तर मुलांच्या मदतीसाठी 1098 हा नंबर आहे.

प्रश्न : आमच्या भागातल्या तायक्वांदो क्लासमध्ये दर तीन महिन्यांनी बेल्टची परीक्षा आणि दर परीक्षेला वेगळी फी. मुलगी नऊ वर्षांची. ‘वर्षअखेरीस ब्लॅक बेल्ट देतो’ म्हणतात. खरं असतं का हे?
— एक बाबा, ठाणे

उत्तर : कापड काळं असेल, एवढंच खरं. तायक्वांदोचं जागतिक मुख्यालय सोलचं कुक्कीवॉन. पंधरा वर्षांखालच्या मुलांना ते ‘दान’, म्हणजे ब्लॅक बेल्टचा दर्जा, देतच नाही, ‘पूम’ हा मुलांचा दर्जा देतं, आणि त्याचा बेल्ट अर्धा लाल अर्धा काळा असतो. तेव्हा सरांना विचारा, प्रमाणपत्र कुक्कीवॉनचं की क्लासच्या प्रिंटरचं? दुसरा प्रश्न याहून उपयोगी : गेल्या परीक्षेत नापास किती झाले? कुणीच नाही, असं उत्तर आलं तर ती परीक्षा नव्हे, वर्गणी.

बेल्टवर माझा राग नाही बरं का. बेल्टची पद्धत कराटे-तायक्वांदोत आली ती आमच्या ज्युदोतूनच आणि लहान मुलांना रंगाचं फार अप्रूप असतं. मुलगी खुशीत जात असेल, लाथ मारल्यावर तोल सांभाळत असेल, तर क्लास सोडू नका. फक्त एका परीक्षेला बसवू नका. तेवढ्यावरून सरांची वागणूक बदलते का, हे बघा.

प्रश्न : मी अडतीस वर्षांची. मुलीला ज्युदोला सोडते आणि तासभर बाकावर मोबाइल बघत बसते. मॅडम म्हणतात, तुम्हीही या. सासूबाई म्हणतात, या वयात कसली मारामारी! जाऊ का?
— एक वाचक, बेळगाव

उत्तर : जा. सासूबाईंना सांगा, कानोंच्या शिष्या केइको फुकुदा नव्वदी उलटल्यावरही ज्युदो शिकवत होत्या. अडतीस म्हणजे काहीच नाही. कंबरेचं, गुडघ्याचं जुनं दुखणं किंवा बीपी असेल तर आधी डॉक्टरांना विचारा आणि ते मॅडमनाही सांगून ठेवा.

तयारी थोडीच. हातापायाची नखं कापलेली हवीत, केसांना पिना नकोत, साधं रबर लावा. मंगळसूत्र, बांगड्या, कानातलं, जोडवी, सगळं काढून डबीत. यावर घराघरात वाद होतात, ठाऊक आहे. पण जोडवीत कुणाचं बोट अडकलं की ते बोट सुजतं आणि मंगळसूत्राची वाटी वरच्याच्या वजनाने गळ्याखाली रुतते. पांढऱ्या ड्रेसच्या आत टी-शर्ट घाला, कॉलर ओढली की ड्रेस उघडतो.

पहिले काही दिवस मांड्या भरून येतील, जिना उतरताना कळेल. आणि लेकीची जोडीदार होऊ नका. एक तर वजनाचा फरक मोठा, शिवाय घरचा राग मॅटवर निघतो. तिला तिच्या वयाच्या मुलींत राहू द्या, तुम्ही मॅडमकडून एखादी तुमच्या वजनाची बाई मागून घ्या. नाहीच मिळाली तर पहिला महिना एकटीने उकेमी करा, त्याला जोडीदार लागत नाही.